पान सत्तावन्न

मशीन तापायला चार मिनिटं घेतं.
तेवढ्यात मी वाचते.
विंडहूकच्या विद्यापीठामागच्या ह्या टपरीत
पुस्तकं अख्खी येत नाहीत, तुकड्यांनी येतात:
बेचाळीस ते एकसष्ट, प्रस्तावना वगळून,
कधी नुसत्या तळटीपा.
त्यामुळे सत्ता मला नेहमी मधूनच सुरू झालेली भेटते,
आणि मुक्ती पुढच्या प्रकरणात,
जे कुणीच झेरॉक्सला आणत नाही.

पानाला एक डॉलर. पाठपोट दीड.

शब्द शिकले. वसाहत. देह. नजर.
पान त्रेचाळीस म्हणतं, माणसाला आधी वाकवतात
आणि मग तो त्या वाकण्यालाच 'मी' म्हणू लागतो.
असं काहीसं.
तिथेच टोनर संपला.

पान एकोणपन्नास: जमिनीच्या करारावर
आमच्या म्हाताऱ्यांच्या फुल्या. सही म्हणून.
शाळेत माझ्या उत्तरांवरही असायच्या, लाल.
समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय: अगदी खरं!!
खाली दुसऱ्या अक्षरात: कुणासाठी?
ह्या दोघांचं भांडण मी महिनाभर छापते आहे.

सत्तावन्नवर फोटो.
लांब झग्यातली बाई, खुर्चीच्या पाठीवर हात.
हेरेरो स्त्री, १९०६ च्या सुमारास. नाव अज्ञात.
लेखक म्हणतो, मिशनऱ्याच्या बायकोचा झगा
एतद्देशीय देहावर चढतो,
आणि देह मूक होतो.

एक प्रत जास्तीची काढली,
घडी घालून काटुटुराला नेली, मावशीकडे.
चर्चच्या वहीत एल्फ्रीडा, घरात उआपिओना,
बँकेत अंगठा.
तोंडातल्या टाचण्या न काढता तिनं कागद घेतला,
दिव्यासमोर धरला, उलटा,
शिवण तपासताना कपडा धरतात तसा.

मग टाचण्या काढल्या, एकेक, उशीत खोचल्या.
"डावी बाही दुसऱ्या हाताची आहे.
उजवी शिवणारी सावकाश. हिला घाई झालेली.
आणि घेर बघ, बारा वार तरी.
त्या वर्षी? छावणीच्या दिवसांत? बारा वार?
तुकडे आहेत हे. जोड चुण्यांत लपवलेत.
मूक कसली! चार बाया बोलतायत इथे,
एक तर शिव्या देतेय."

"आणि पुढे आम्ही डोक्यावर गायीची शिंगं चढवली.
त्यांच्या बायकांना होती का शिंगं? विचार त्याला."

हिचं काय झालं असेल, मी म्हटलं.
"वाचली असेल.
कुणीतरी वाचलं म्हणून तर तू वाचतेस.
दोरा दे. तो नाही, निळा."

मग मला स्टुलावर उभं केलं.
रविवारच्या मिरवणुकीसाठी माझा झगा,
आत पाच परकर, बाहेर चाळीस अंशाचं ऊन.
कंबर आवळली. "श्वास जपून घे.
आणि चाल अशी, सावकाश, भरल्या गायीसारखी."
मला पान त्रेचाळीस आठवलं.
लेखक अगदीच चुकला नव्हता.

"मावशी, हे कुणी ठरवलं,
की बाईनं सावकाश चालावं?"

टाचण्या परत तोंडात गेल्या.
बराच वेळ नुसत्या टाचण्या.
खाली बसून तिनं घेराची कड दुमडली,
एक बोट जास्त दुमडली, म्हणजे आखूड केली,
आणि वर बघितलं नाही.

सोमवारी हाफेनी आला, परीक्षा तोंडावर,
बेचाळीस ते एकसष्ट, तीस प्रती.
पुस्तकाचा कणा आता ढिला झालाय,
काचेवर दाबून धरावा लागतो.
सत्तावन्नला मी हात काढला नाही.

तीस वेळा उजेड सरकला.
तीस प्रतींत, 'नाव अज्ञात'च्या शेजारी,
माझा अंगठा,
काळा, नखासकट, किंचित वाकडा.

"हे पान बिघडलंय," हाफेनी म्हणाला.
मी पैसे मोजले. पूर्ण घेतले.